चिबडखंड शीतलचं आहे

अन्याय शीतलवर झाला. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, नगरच्या एका हॉलमध्ये, जेवणं उरकली होती आणि चहा यायचा होता त्या वेळात. माईकवरून बक्षिसं वाचत होते. तिचं नाव आलं आणि नावापुढे आलं, ‘रूपांतरित खेळ, प्रथम क्रमांक’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शीतल खुर्चीतून उठली नाही.

रूपांतरित म्हणजे दुसऱ्याचं घेऊन आपल्या भाषेत मांडलेलं. शीतलने कुणाचं काही घेतलं नव्हतं. तिने एक आख्खा मुलूख रचला होता. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे मी पाण्याबद्दल, बेडकांबद्दल, चिंचोक्यांबद्दल लिहिणार आहे आणि त्यात रमले तर मुद्दा राहून जाईल. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत घ्यायचा असतो, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत माणूस त्यात भजी गुंडाळतो.

भाद्रपद सरत आलाय आणि आमच्या गावाच्या खालच्या अंगाला पुन्हा पाणी साठलंय. पाऊस थांबला तरी ते हलत नाही. उसाच्या सरीसरीतून बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं उभं आहे, वर तेलकट तवंग, त्यात आभाळसुद्धा मळकं दिसतं. लव्हाळा माजलाय. बांधाच्या कडेने पाणकणसं वर आलीत, तपकिरी, हात लावला तर मांजराच्या पाठीसारखी. शेकाट्या पक्षी गुलाबी लांब पायांवर असे चालतात की चिखल आपल्यासाठी नाहीच. आणि वास. कुजलेल्या पाचटाचा, शेवाळाचा, खाली कोंडलेल्या कशाचा तरी. ज्यांना हा वास सोसत नाही त्यांना मी दोष देत नाही. मला मात्र तो आला की दोन वर्षांपूर्वीचा असाच भाद्रपद आठवतो, आणि छाती भरून येते. अभिमानाने. हो, या वासाचा अभिमान.

आमचं गाव कोपरगाव तालुक्यातलं. पाटाला पाणी, पाण्यावर ऊस, उसाला पुन्हा पाणी, असं आजोबांच्या आधीपासून चाललंय. जमिनीच्या पोटातलं पाणी चढत चढत वर आलं. निचरा करायचे चर कागदावर खोदले गेले. आता कित्येक तुकडे असे आहेत की वर पीक दिसतं आणि खाली मुळं बुडालेली असतात. उन्हाळ्यात त्यांवर पांढरी खार फुटते, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत जातो. अशा जमिनीला आम्ही चिबड म्हणतो. शिवीसारखंही वापरतो. अंगात दम नसलेल्या पोराला चिबड म्हणतात, लग्न न जमणाऱ्या घराला चिबडातलं घर म्हणतात. आमची वस्ती गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला, त्यामुळे हा शब्द माझ्या वाट्याला जरा जास्तच आलाय.

शीतलच्या वडिलांची, नानांची, निम्मी जमीन चिबड. त्या दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात ऊस आडवा झाला होता, तोड लांबली होती, रस्ता खचल्याने कॉलेजची बस येत नव्हती. कामही नाही आणि सुट्टीही नाही, असे दिवस. आम्ही दुपारचे नानांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचो. शीतल, मी, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा सोहेल, आणि पोलीस भरतीची तयारी करणारा अनिकेत. अनिकेतचं पळायचं मैदान पाण्याखाली होतं म्हणून तो शेडच्या खांबाला धरून उठाबशा काढायचा आणि आमच्या बोलण्यात तोंड घालायचा.

खेळ आणला सोहेलने. त्याचा पुण्याचा मावसभाऊ दर शनिवारी चार मित्रांना घेऊन टेबलाभोवती बसतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर दरी आहे, उडी मारणार की वळसा घालणार, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की नाही ते फासा सांगतो. जिंकणं-हरणं असं काही नाही, गोष्ट पुढे जात राहते. बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले, सोन्यावर निजलेले अजगर, अशा मुलखांत ते खेळतात म्हणे. सोहेलने मावसभावाला विचारून विचारून एक बर्फाचा डोंगर आमच्यापुढे उभा केला. अनिकेतने विचारलं, बर्फावर पाय घसरतो का रुततो? सोहेलला सांगता येईना. आमच्यापैकी कुणीच बर्फावर पाय ठेवला नव्हता. डोंगर तिथेच विरघळला.

मग शीतल म्हणाली, “रुततो. पन बर्फ न्हाई त्यो. चिखल हाय. आन् काठी तुज्या हातात न्हाई, मागं राहिली.”

तिने हे काही ठरवून म्हटलं नव्हतं. ती पाण्याकडे बघत बसली होती. पण अनिकेतने उठाबशा थांबवल्या आणि खाली पायांकडे बघितलं. कोरड्या शहाबादी फरशीवर उभा असलेला पैलवान गडी, खरंच पाय सोडवतोय तसा उभा राहिला. तिथून चिबडखंड सुरू झालं.

मी पुस्तकं वाचलेली, भाषणं ठोकणारी. मला वाटायचं, नवा मुलूख रचायला माणूस जग फिरलेला लागतो. शीतल शिर्डीच्या पुढे कधी गेली नव्हती. ती दुपारभर गप्प असायची आणि संध्याकाळी म्हैस सोडता सोडता सांगायची की चिबडखंडात बुडालेलं काही संपत नाही, ते खालून सरकतं आणि वर्षांनी दुसरीकडे वर येतं. एका गावाची चावडी तीन गावं ओलांडून कुणाच्या तरी परसात उगवते. त्यामुळे तिथले लोक भेटल्यावर बरं आहे का विचारत नाहीत. ते विचारतात, “कुठं वर आलात?” 

तिथे रानमाजलेला जुना ऊस आहे, माडाएवढा. त्यात तोडायला शिरलेली टोळी बाहेर येते तेव्हा त्यांची पोरं त्यांच्यापेक्षा म्हातारी झालेली असतात. तिथे पांढरीचे, म्हणजे त्या पांढऱ्या खारीचे, सरदार आहेत. ते कुणाला मारत नाहीत, नुसते चालत येतात. जिथे त्यांचं पाऊल पडतं तिथे गवत उगवायचं विसरतं. बेडूक तिथे पहारेकरी. ते ओरडत असले तर निवांत झोपावं, गप्प झाले तर पोरं उचलून उंचवट्यावर पळावं. सोहेल दिवडांशी, म्हणजे पाणसापांशी, बोलणारा झाला. अनिकेत त्या जुन्या उसात जन्मलेला आणि म्हणून स्वतःचं वय माहीत नसलेला. मी काठीवाली. काठी टेकवून खालची जमीन खरी की खोटी ते सांगणारी.

गोष्ट सांगणाऱ्याला पुण्यात काही इंग्रजी नाव आहे. आम्ही शीतलला पाटकरी म्हणायचो. पाटावर कुणाला कधी पाणी द्यायचं ते जो ठरवतो तो पाटकरी. आणि खेळायची पाळी कुणाची, हे तिने पाटावरूनच घेतलं, पण उलटं करून. पाटाच्या टोकाला असलेल्यांना पाणी शेवटी मिळतं, पुष्कळदा मिळतच नाही. चिबडखंडात टोकाला बसलेल्याची पाळी पहिली. मी वस्तीवरून चालत यायचे, उशिरा पोचायचे, म्हणून टोकाला बसायचे. पहिल्या दिवशी शीतलने मला आधी विचारलं तेव्हा अनिकेत, जो मला पत्रकच म्हणतो, म्हणाला, पत्रक शेवटी आलंय, त्याला कशाला आधी? शीतलने वर न बघता सांगितलं, इथं असंच हाय. मला कुणी काही समजावलं नाही, मीही कुणाचे आभार मानले नाहीत. मी काठी टेकवली.

फासा नव्हता. लुडोचा होता, तो म्हशीच्या गव्हाणीत गेला. मग चिंचोके फोडून घेतले, एका बाजूला काळे, एका बाजूला पांढरे, जसे पोरी खेळतात. पांढरे वर आले की जमलं. नकाशाला मोठा कागद नव्हता. माझ्याकडे पत्रकांचा गठ्ठा उरला होता, ‘चर खोदा, जमीन वाचवा’. एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूने कोरा. काकूंनी, म्हणजे शीतलच्या आईने, मैद्याची खळ शिजवून दिली आणि आम्ही पत्रकाला पत्रक डकवत गेलो. मी लिहिलेली ओरड खाली आणि शीतलचा मुलूख वर. ज्या पत्रकांमुळे एकही चर खोदला गेला नाही, त्यांच्या पाठीवर एक देश उभा राहिला. राग आला होता मला थोडा. मग गंमत वाटली. मग कधीतरी मी ते पत्रक उलटून बघायचंच सोडून दिलं.

आता मोरीचं सांगते, कारण नगरच्या हॉलमध्ये जे झालं ते मोरीवरूनच झालं.

पहिल्या पूर्ण खेळात शीतलने आम्हाला एका जुन्या मोरीपुढे आणून उभं केलं. मोरी म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड. पलीकडे अडवलेलं पाणी, अलीकडे वसलेली गावं. शीतल म्हणाली, उघडायची का बंद ठेवायची? मी टोकाला, माझी पाळी पहिली. मी उघडली. सोहेलने पुढची उघडली. अनिकेतने हात लावायच्या आधीच सांगितलं, उघडली. प्रत्येक पाळीला प्रत्येकाने मोरी उघडली. शीतल शांतपणे नकाशावर पेन्सिलने पाणी चढवत गेली. चावड्या गेल्या, जुना ऊस गेला, बेडकांचे उंचवटे गेले. काकूंनी चहा आणला तोवर चिबडखंड संपलं होतं आणि आम्ही तिघं बुडून मेलो होतो.

अनिकेत भडकला. “ही कुठली रीत? पानी आलंय म्हणल्यावर घ्यायचं न्हाई व्हय?”

शीतल हसत सुटली. तेवढ्यात शेडच्या दारात टेकलेले नाना बोलले. ते तिथे कधीचे बसले होते कुणाला कळलंच नव्हतं. “पानी दिसलं की हात मोरीकडंच जातुया,” ते म्हणाले. “मला कोनी इचारलं आसतं तरी मी उघडलीच आसती.” आणि कप घेऊन म्हशीकडे गेले.

बर्फाच्या डोंगरावर वाढलेला माणूस ही चूक करणार नाही. तो पूर आला म्हणून पळेल. पाटावर वाढलेलाच पाण्याला नाही म्हणू शकत नाही. शीतल त्या दिवशी जेवली नाही, असं काकू सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी तिने नियम आणला. चिबडखंडात मोरी उघडायला काही लागत नाही, नुसता हात लागतो. बंद करायला मात्र आपलं काहीतरी द्यावं लागतं. उरलेलं, जुनंपानं चालत नाही. ज्याच्यावर जीव आहे तेच. आणि ते मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणायचं, मग चिंचोके टाकायचे.

सोहेलने त्याच्या दिवडांची भाषा दिली आणि पुढचे सगळे खेळ मुका राहून खेळला. अनिकेतने वय दिलं. त्यालाच माहीत नसलेलं वय. ते कसं देता येईल यावर आम्ही दुपारभर भांडलो. एकदा नाना येऊन बसले. थट्टेतच, तोडणीचा पत्ता नव्हता म्हणून. त्यांना कुणाचं सोंग घ्यायला जमेना, ते नानाच राहिले. मोरीपुढे आल्यावर ते बराच वेळ चिंचोके तळहातावर खुळखुळवत बसले.

“बंद करायची,” ते म्हणाले. “खालचा तुकडा दिला.”

खालचा तुकडा चिबडखंडात नव्हता. तो शेडच्या मागे होता, पाण्यात उभा. आम्ही कुणी हसलो नाही. शीतलने विचारलं, “नाना, नक्की?” त्यांनी चिंचोके टाकले. सगळे पांढरे पडले असते तर ही गोष्ट छान झाली असती, पण निम्मेच पडले. मोरी अर्धी बंद झाली. नाना म्हणाले, “चाललं. अर्धी तर अर्धी.”

त्या वर्षी नानांनी खालच्या तुकड्यात ऊस लावला नाही. पाण्याची पाळीही त्या तुकड्यावर घेतली नाही. मी दोन पावसाळे घरोघर पत्रकं वाटून हेच सांगत होते, आणि नाना माझं पत्रक घडी करून खिशात ठेवायचे, बाळ, वाचतो हां, म्हणायचे. मी इथे हेही स्पष्ट लिहिते की चिबड एकट्या नानांमुळे झालं नाही. वरच्या अंगाचं पाणी त्यांच्याकडे उतरतं आणि चर खोदणं हे सरकारचं काम आहे, ते मागत राहणार. पण माझ्या मागणीने जे हललं नव्हतं ते शीतलच्या खेळाने हललं. मला याचा हेवा वाटायला हवा होता. मी गावभर सांगत सुटले.

तर असा हा मुलूख घेऊन आम्ही गेल्या वर्षी नगरला गेलो. तरुणांनी बनवलेल्या खेळांचा मेळावा होता. नकाशा गुंडाळून अनिकेतने बंदुकीसारखा खांद्यावर धरला होता. एसटीत एका बाईने विचारलं, कसलं पोस्टर रं? तो म्हणाला, मावशी, देश हाय. ती म्हणाली, सांभाळून धर मग.

परीक्षक म्हणून एक सर होते. वाईट माणूस नव्हता. ते आमच्या टेबलाशी बसले, काठीवाले झाले, गुडघाभर रुतले, खूश झाले. मोरीपाशी आल्यावर नियम ऐकून चष्मा काढला. मग मऊ आवाजात विचारलं, “मूळ कुठलं हे?”

“इथलंच,” शीतल म्हणाली.

“नाही, म्हणजे मूळ पुस्तक. कोणत्या सेटिंगवरून घेतलंय?”

“पुस्तक न्हाई.”

सर हसले. लाजू नकोस, घेणं यात गैर काही नाही, असं काहीसं म्हणाले. बंद करायला आपलं प्रिय द्यावं लागतं, ही कल्पना फार मुरलेली आहे, अशी कल्पना सहज सुचत नाही, असंही म्हणाले.

“सहज न्हाईच सुचली,” शीतल म्हणाली. “आमी आधी बुडालो.”

त्यांना तो विनोद वाटला. ते उठले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मग माईकवरून काय वाचलं गेलं ते मी वर लिहिलंय.

मला त्या सरांचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण रागाच्या खाली जे आहे ते नीट बघितलं पाहिजे. आमच्याकडे दुःख असतं, हे सगळ्यांना मान्य आहे. त्याचे फोटो काढायला लोक गाड्या घेऊन येतात. आमच्याकडे अनुभव असतो, हेही मान्य आहे, मुलाखती घेतात. शीतल चिखलाबद्दल रडली असती तर तिला कुणी विचारलं नसतं की हे रडणं कोणत्या पुस्तकातून घेतलं. तिने चिखलातून देश काढला, तिथे मात्र पावती मागितली. आमच्या पोरीला कल्पना सुचते एवढंच त्यांना पचत नाही. आणि तीही दलदलीची. दलदल तर आमच्या घरामागे आहे, आमच्या पायाला आहे. ती कल्पनेत कुणाची असणार होती?

परत येताना मी एसटीतच पत्रक लिहायला घेतलं. शीतलने कागद काढून घेतला. माझ्यावर पत्रक काढू नको, मी काय मोर्चा हाय का, म्हणाली. मी वर्षभर गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे ओळखणाऱ्यांनी त्याची किंमत ओळखावी.

आज लिहिते आहे ते तिने सांगितलं म्हणून. मेळाव्यात निवडलेल्या खेळांचं पुस्तक दिवाळीला निघतंय. चिबडखंड त्यात आहे, ‘रूपांतर : शीतल’ असं छापून. तिला संमती मागितली. ती नाही म्हणाली. ‘रूपांतर’ काढा, मग घ्या. काकूंनी तिला समजावलं, नाव तर येतंय ना, येऊ दे की. सोहेललासुद्धा वाटलं, आधी छापून येऊ दे, मग भांडू. शीतल कोपऱ्यातल्या नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “उद्या एखादी पोरगी वाचंल, आन् तिला वाटंल आसला मुलूख दुसरीकडंच सुचतो. तसं छापायचं आसंल तर नगंच.” संमती दिली नाही तर खेळ पुस्तकातून जाणार. तिचा मुलूख शेडमध्ये राहणार, आणि तिची त्यालाही तयारी आहे.

मी आयोजकांना फोन केला. भांडले. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला की परीक्षकांचा निर्णय बदलत नसतो, पण ज्यांनी तो खेळ खेळलाय अशा लोकांनी कळवलं तर विचार करू. आम्ही खेळलोय, मी म्हणाले. तुम्ही तिच्या मैत्रीण, ते म्हणाले. बाहेरचे कुणी?

बाहेर पाणी तसंच आहे. शेडमध्ये शीतल चिबडखंडाचा नवा भाग मांडतेय, पांढरीच्या सरदारांचा मुलूख, जिथे उगवायचं विसरलेलं गवत परत शिकतं. तिला घाई नाही. मला आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी मागणी आहे, आणि ती विनंती नाही. हळहळू नका, कौतुक करून पान उलटू नका. दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी कोपरगावला उतरा, आमच्या फाट्यापर्यंत जीप मिळते, तिथून अनिकेत घ्यायला येईल. जुनी चप्पल घालून या, नवी चिखल ठेवून घेतो. चिंचोके हातात घ्या आणि खेळा. तुम्हीही मोरी उघडाल, तुम्हीही बुडाल. मग वर या, त्या लोकांना फोन लावा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा की हे मूळचं आहे आणि रचणारीचं नाव शीतल आहे.